विल्यम शेवीच्या पेटीचे आठ दोर

अ‍ॅबर्डीनकडच्या किनाऱ्यावरचं पोर्टगार्वी. आडनावं तीन, आणि त्यातलं मेअर हे एकटंच निम्म्या गावाला पुरून उरलेलं. पाळण्यातली नावंही ठरलेली. थोरल्याला बापाच्या बापाचं, धाकट्याला आईच्या बापाचं. त्यामुळे धक्क्यावर उभं राहून ‘विल्यम मेअर’ अशी हाक मारली तर अर्धा धक्का मागे वळतो आणि उरलेला अर्धा ‘कोणता?’ म्हणून विचारतो. यावर उपाय म्हणून घराघराला उपनाव. शेवी, कॉस्टी, डंपी. अर्थ विचारू नये. असलाच तरी चारचौघांत सांगण्यासारखा नसतो.

उपनाव बापाकडून येतं. एल्स्पेट मेअरचं आजीकडून आलं होतं. आजी टिबी, म्हणून बाप जोसी टिबी आणि लेक एल्स्पेट टिबी. बाईचं नाव घराला लागलं की पुढचं कुणी बोलून दाखवायची गरज उरत नाही. हाक मारली की हाकेतच चहाडी.

टिबीच्या पोराचा बाप कोण, हेही काही गुपित नव्हतं. तांडेल अलेक्झांडर शेवी. एका हेरिंग माशांच्या हंगामात तो टिबीच्या मागे लागला, आणि हंगाम सरल्यावर चर्चच्या कारभाऱ्याच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. जोसी लग्नाआधीचा, विल्यम लग्नानंतरचा. दोघांचं नाक एकाच साच्यातलं, मधे उंचवटा आणि शेंडा जरासा डावीकडे. तसलं तिसरं नाक गावात फक्त तांडेलाच्या तोंडावर होतं. पण नाकाला कुणी साक्षीला बोलावत नाही, आणि शेवींच्या घरातून जोसीचं नाव कधी निघालं नाही.

तांडेल वारला तेव्हा एल्स्पेट नऊ वर्षांची होती.

आमच्याकडे पेटी थडग्यात उतरवतात ती आठ काळ्या दोरांनी, आणि प्रत्येक दोर कुणाच्या हातात जायचा हे रक्त ठरवतं. डोक्याशी सगळ्यात जवळचा, पायाशी त्याच्या खालोखाल, मग खांद्यांचे, मग उरलेले. पेटी करणारा सुतार एकेक नाव पुकारतो, माणूस पुढे येतो, दोर घेतो. लग्नात कोण कुठे बसलं ते लोक विसरतात. दोर कुणी धरला ते विसरत नाहीत. बायका तिकडे जात नाहीत, त्या घरी सूप ढवळत बसतात. पोरी दफनभूमीच्या भिंतीवरून बघतात, त्यांना कुणी हाकलत नाही.

तर भिंतीवरून एल्स्पेटनं पाहिलं. सात नावं झाली. आठवा दोर गवतावर तसाच पडलेला. तिचा बाप काळी टोपी हातात धरून, दोन पावलं पुढे येऊन उभा राहिलेला. सगळ्या गावाला वाटत होतं, आता तरी. विल्यमनं सुताराच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि सुतारानं फाटकाबाहेर गाडी घेऊन थांबलेल्या कोळसेवाल्याला हाक मारली. आतल्या मुलखातला माणूस, समुद्राला पाठ करून जन्मलेला, गावात सोयर ना सुतक. त्यानं पँटला हात पुसले आणि दोर धरला. जोसीनं टोपी डोक्यावर ठेवली आणि घरी आला. त्या दिवसाबद्दल तो मरेपर्यंत अवाक्षर बोलला नाही. न बोललेलं सगळं मग मुलीकडे गेलं. इस्टेट म्हणून तेवढंच होतं.

एल्स्पेट मोठी झाली, बोटांना चिंध्या बांधून हेरिंग कापायला लागली. माशांच्या मागे लेरविकपासून यारमथपर्यंत बायकांच्या टोळ्या जायच्या, त्यात ती. बाकीच्या पोरी कापता कापता गाणी म्हणायच्या, नाहीतर पिंप बनवणाऱ्या पोरांना डोळे मारायच्या. ही आपली म्हाताऱ्यांच्या शेजारची जागा धरून बसायची. ‘मावशी, तुमची आजी कॉस्टींची ना? मग ती शेवींकडे कशी काय आली?’ म्हाताऱ्यांना काय, कुणीतरी विचारायचीच खोटी. सुरी चालायची तशी जीभ चालायची. अशा रीतीनं तिनं सगळं गाव मुळापासून उकलून डोक्यात भरून ठेवलं. कोण कुणाचा, कोण कुणाचा म्हणवतो आणि खरा कुणाचा. लग्न तिनं केलं नाही. एक चांगलं स्थळ आलं होतं, पण तो विल्यम शेवीचा मावसभाऊ निघाला. ‘त्या घरात मी दोराशिवाय पाय ठेवणार नाही,’ म्हणाली. बिचाऱ्याला कोणता दोर तेही कळलं नाही. त्यानं पुढच्या वसंतात दुसरीशी केलं.

जोसी वारला त्या दिवशी बंदरातली एकूणएक बोट बांधलेली होती. मयताच्या दिवशी कुणी समुद्रावर जात नाही. एक बोट गेली, विल्यमची. भरून आली.

विल्यमचं काय झालं तेही सांगायला हवं. कोळसेवाल्याची गंमत तो बरीच वर्षं रंगवून सांगायचा. मग त्याचे दोन्ही मुलगे बंदराच्या तोंडाशी, घरातला दिवा दिसत असताना बुडाले. गाव कुजबुजलं की परक्याचा हात दोराला लागला, समुद्रानं त्याची भरपाई केली. विल्यमनं ही गोष्ट आधी हसण्यावारी नेली. मग हसणं बंद केलं. मग एकुलत्या उरलेल्या मुलीला, मिनाला, बायबलवर हात ठेवायला लावून वदवून घेतलं, की माझ्या पेटीचे आठही दोर आपल्या रक्ताच्या हातात जातील, परका एक नको.

आणि म्हणून एकोणऐंशी सालच्या सप्टेंबरात मिना शेवी एल्स्पेट टिबीच्या दारात उभी राहिली.

“ये. पाय पूस,” एल्स्पेट म्हणाली. “तुमच्या घरचं माणूस माझ्या उंबऱ्यावर चुकून येत नाही, तेव्हा काम सांग.”

“बाबा आजारी आहेत.”

“ते ऐकलं. केक करणार होते, पण म्हटलं घाई नको.”

मिनानं हे गिळलं. ती गिळायला सरावलेली होती, आयुष्यभर त्या बापाजवळ राहिलेली. “आठ माणसं हवीत, एल्स्पेट. रक्ताची. माझ्या घरात एक पुरुष नाही. कोण आपलं हे उपनावांच्या गोंधळात मला कळत नाही, आणि बाबा धड सांगत नाहीत. सगळे म्हणतात तुला विचार.”

“डॉक्टर काय म्हणतो?”

“नाताळ बघणार नाहीत म्हणतो.”

“आणि तुझा बाप काय म्हणतो?”

“ते म्हणतात, डॉक्टरच बघणार नाही.”

एल्स्पेटला हसू आलं, ते तिनं किटलीकडे वळवलं. “शोधून देते. पण आधी त्याच्या तोंडून वंशावळ ऐकायची आहे मला. बापाची, आज्याची, सगळी.”

“तुला तर पाठ आहे.”

“माझं पाठ आहे गं. त्याचं तपासून घ्यायचं आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेवींच्या घरात पहिल्यांदा शिरली. विल्यम खिडकीशी, उशांना टेकून. अंगाचं चिपाड झालेलं, नाक तेवढं शाबूत.

“टिबीची पोर,” तो म्हणाला.

“जोसीची,” एल्स्पेट म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. “म्हण.”

त्यानं म्हटलं. बाप अलेक्झांडर, त्याचा बाप विल्यम, त्याचा बाप अलेक्झांडर, ज्यानं या खडकावर पहिली बोट ओढली. मग आज्याची भावंडं, त्यांच्या सोयरिकी. एकही नाव चुकलं नाही, हे तिला मान्य करावंच लागलं.

“आता बापाची मुलं. थोरल्यापासून.”

“मी. मग जेसी. मग जॉन, तो पाळण्यातच गेला.”

“थोरल्यापासून म्हटलं मी.”

“ऐकू येतं मला.” त्यानं मुलीकडे पाहिलं. “मिना, चहा आण. आणि दार लावून घे, वारा येतो.”

वारा कसला, झाडाचं पान हलत नव्हतं. मिना गेली. दार लागलं तसा म्हातारा जरासा पुढे झुकला, आणि एल्स्पेटच्या लक्षात आलं की याला मजा येते आहे.

“तुला तेच ऐकायचं आहे ना? घे. बापानं मरताना सांगितलं होतं. जोसीला दोर दे, खांद्याशी दे. एकदा सांगितलं, परत सांगितलं. मी काय बहिरा नव्हतो.”

एल्स्पेटचे हात मांडीवर होते, तिथेच राहिले. “मग?”

“मग काय. तुझा बाप तिथे उभा, माझं नाक लावून. गाव आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघतंय. तुलना करतंय. कोळसेवाल्याला निदान स्वतःचं नाक होतं.” त्याला हसता हसता ठसका लागला. “आता बाहेर जाऊन सांग हवं तर. कोण खरं मानणार? टिबीची नात म्हणते, म्हणून?”

“कोणी नाही मानणार,” एल्स्पेट म्हणाली.

“मग माझी माणसं शोध. तुझ्यासारखी शोधणारी नाही म्हणतात.”

ती उठली. तिनं खुर्ची होती तिथे परत ठेवली. “शोधते. एकूणएक शोधते तुझी.”

जिन्यात चहाचा ट्रे घेऊन मिना भेटली. “थांबत नाहीस?” “नको. तुझ्या बापानं पोटभर दिलं.”

आता इथे एक बारकावा आहे. माणूस गेला की सुतार घरोघर चिठ्ठी पोचवतो, तुमचा अमुक दोर. चिठ्ठी हातात पडली की नाही म्हणता येत नाही. बोट बुडत असली तरी माणूस काळा कोट घालून हजर होतो. सुटका करून घ्यायची तर ती चिठ्ठी हातात पडण्याआधीच, काहीतरी निमित्त सांगून, आणि त्यासाठी चिठ्ठी येणार हे आधी ठाऊक असावं लागतं. एल्स्पेटला हे ठाऊक होतं. विल्यमलाही ठाऊक होतं, पण तो अंथरुणात होता आणि तिचे पाय धड होते.

ती पहिल्यांदा गेली ते बोटी बांधणाऱ्या डॉड कॉस्टीकडे. डॉड फळीवर रंधा मारत होता.

“डॉड, तू शेवींचा आहेस, माहीत आहे का तुला?”

“मी कॉस्टी आहे,” डॉड म्हणाला. “माझ्या आईला विचार हवं तर.”

“तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. तिची आई बेला, ती विल्यमच्या बापाची सख्खी बहीण. शेतावरच्या गड्याशी लग्न केलं म्हणून तिला घरातून काढलं. विल्यम तुझ्या आजीला बघून रस्ता ओलांडायचा. म्हातारी हाक मारायची, ‘विली, थांब रे’, आणि हा पलीकडच्या बाजूनं चालत राहायचा.”

रंधा थांबला होता. डॉडला आजी आठवत होती. तिच्या मांडीवर तो वाढलेला. “रस्त्यापलीकडे कुणाला तरी हाक मारायची ती,” तो म्हणाला. “आम्हाला वाटायचं म्हातारपण.”

“म्हातारपण नव्हतं ते.”

“आणि आता?”

“आता त्याला दोर धरायला रक्त हवं आहे. मी फक्त तुझं नातं सांगायला आले. मला पुढे जायचं आहे.”

अलिक डंपी तसा उघड नात्यातला, विल्यमच्या चुलतबहिणीचा मुलगा. त्याच्याकडे मुळापासून सुरुवात करायची गरज नव्हती. चौदाव्या वर्षी तो विल्यमच्या बोटीवर पहिल्यांदा गेला होता, आणि तिथे बोलता बोलता ‘पाद्री’ हा शब्द बोलून बसला. समुद्रावर तो शब्द तोंडातून काढत नाहीत, काळा कोटवाला म्हणतात, तोही लोखंडाला हात लावून. दुसऱ्या कुणी कानाखाली वाजवून सोडून दिलं असतं. विल्यमनं बोट वळवली, दिसलं त्या बंदरात पोराला उतरवलं, आणि तो पायी घरी आला. आज पन्नाशीला पोचला तरी गुत्त्यात शिरला की कुणीतरी विचारतंच, ‘अलिक, काळा कोटवाला कसा आहे?’

“तुझ्या बुटांना भोकं पडली होती ना रे?” एल्स्पेटनं सहज विचारलं.

“तू त्याची आठवण काढायला आलीस का इथे?”

“छे. नातं सांगायला आले.”

अशी ती महिनाभर फिरली. कुणाकडे रक्ताचा धागा चार पिढ्या खोल होता, तो तिनं चहाच्या कपाशेजारी उकलून ठेवला. गंमत अशी की शेवींच्या रक्ताचा माणूस शोधावा तो विल्यमनं कधीतरी दुखावलेलाच निघायचा. परक्यांशी तो सौजन्यानं वागे, जे करायचं ते घरातल्यांशी केलेलं. एल्स्पेटनं खोटा शब्द एकही सांगितला नाही. जोसीचं नावसुद्धा काढलं नाही. तशी वेळच आली नाही.

विल्यम नोव्हेंबरात गेला. सुतार टॉम चिठ्ठ्या घेऊन निघाला आणि सगळ्या चिठ्ठ्या घेऊन परत आला. डॉडची पाठ धरली होती. अलिक दात काढायला अ‍ॅबर्डीनला गेला होता, असं त्याची बायको म्हणाली आणि अलिक आतून खोकला. बाकीच्यांच्याही पाठी. टॉम म्हणाला, “मिनाबाई, एवढ्या पाठी एकदम गेलेल्या मी उभ्या जन्मात बघितल्या नाहीत.”

मिना तडक एल्स्पेटकडे आली. पाय पुसले नाहीत.

“काय केलंस तू?”

“तू सांगितलंस तेच. माणसं शोधली. आठ काय, अकरा आहेत.”

“एकही येत नाही. पेटी बैठकीत आहे, एल्स्पेट. परक्यांना बोलवायचं तर मी बायबलवर हात ठेवला आहे.” मिनाचा आवाज बारीक झाला. “बाबांना भीती वाटायची. शेवटी शेवटी रोज मोजायचे बोटांवर.”

एल्स्पेटनं कप खाली ठेवला. कणव यायची असती तर ती इथेच आली असती. नाही आली. “मी गेले तर येतील सगळे. पाठी बऱ्या होतील.”

“मग जा.”

“पहिला दोर माझा. डोक्याशी. आणि नावं टॉमनं नाही पुकारायची, तू पुकारायची. माझं पुकारताना कुणाची कोण तेही. जोसी हा तुझ्या बापाचा थोरला भाऊ.”

“बाबा तसं कधी म्हणाले नाहीत.”

“मला म्हणाले. दार लावून. वारा येत होता ना, तेव्हा.”

मिनानं दाराकडे पाहिलं. वारा नव्हता हे तिलाही आठवलं असावं. “मला खरं कसं वाटावं?”

“खरं वाटायला कोण सांगतंय? मोठ्यानं म्हण म्हणजे झालं.”

“बायका जात नाहीत तिथे.”

“दोघी जाऊ. एकटीला अवघडल्यासारखं होतं.”

मिना दारापर्यंत गेली आणि मागे वळली. “तू त्यांच्याहून वाईट आहेस.”

“रक्तच ते,” एल्स्पेट म्हणाली.

गुरुवारी झाडून सगळं गाव डोंगरावरच्या दफनभूमीत. पाठी सगळ्यांच्या ताठ, अलिकचे दात सगळे जागच्या जागी. दोन बायका थडग्याच्या काठाशी पाहून पाद्रीबुवांनी पुस्तकात तोंड घातलं. पेटी आडव्या फळ्यांवर, दोर गवतावर पसरलेले. मिना पुढे आली.

“पहिला दोर, डोक्याशी,” ती म्हणाली. “एल्स्पेट मेअर. बाबांचे थोरले भाऊ जोसी, त्यांची मुलगी.”

म्हणाली खरी, पण मेणबत्ती विझेल न विझेल इतक्या आवाजात. पुढच्या रांगेनं ऐकलं. मागे भिंतीपर्यंत माणसं उभी होती, ती एकमेकांना ‘काय म्हणाली?’ करू लागली. एल्स्पेट पुढे गेली, दोर उचलला, मनगटाभोवती एक वेढा घेतला. डॉडनं पायाकडचा घेतला, अलिकनं खांद्याचा, मग बाकीचे. टॉमनं फळ्या काढल्या. “सावकाश,” तो म्हणाला, आणि विल्यम शेवी खाली जायला लागला.

पायाकडून जायला लागला. डोक्याकडची बाजू जागेवरच.

“एल्स्पेट,” टॉम दबक्या आवाजात म्हणाला, “दोर सोड.”

“सोडते.”

पेटी तिरकी झाली, अजून तिरकी झाली. आत म्हातारा उभा राहतोय की काय असं वाटावं इतकी. खांद्याचे दोर धरलेल्यांना सोडावं की ओढावं कळेना. आयुष्यभर हेरिंग कापलेली मनगटं, ती काय हलणार. पाद्रीबुवा त्याच ओळीवर तिसऱ्यांदा आले.

“अगं, तळाला खिळे आहेत फक्त,” टॉम काकुळतीला आला. “मी तो याच्यासाठी केला नाही.”

एल्स्पेटनं मिनाकडे पाहिलं. “मागे ऐकू गेलं नाही,” ती म्हणाली.

मिनानं पेटीकडे पाहिलं, मग मागच्या गर्दीकडे. आणि मग तिला काय झालं देव जाणे. बापाच्या घरात उभा जन्म हळू बोलण्यात गेला होता, तो सगळा आवाज कुठेतरी साठलेला असणार. “जोसी मेअर,” ती अशी ओरडली की भिंतीवरचे पक्षी उडाले, “माझ्या आजोबांचा थोरला मुलगा. माझ्या बाबांचा भाऊ. ही त्याची मुलगी. ऐकलंत?”

“ऐकलं,” मागून कुणीतरी म्हणालं, अगदी शाळेतल्यासारखं.

तेव्हा एल्स्पेटनं वेढा सोडला. हात हात दोर सोडत गेली, जाळं पाण्यात सोडावं तशी, न हिसकता. पेटी सपाट झाली, खाली टेकली. सगळ्यांनी आपापला दोर आत टाकला. तिनंही टाकला.

नंतर हॉलमध्ये सूप होतं, आणि मिनाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती, तिथे एल्स्पेट कुणी न सांगता जाऊन बसली. बायका येऊन जाऊन तिच्याकडे बघत होत्या. डॉडच्या बायकोला राहवेना. ती पाव ठेवायच्या निमित्तानं वाकली. “काय गं, आता तरी गार झालीस?”

एल्स्पेटनं मनात डोकावून पाहिलं. राग होता तिथेच होता, ताजा, उकळता, भिंतीवर बसली होती त्या दिवशीइतका. तिला बरं वाटलं. सवयीचं माणूस घरी असलं की वाटतं तसं.

“सूपात मीठ कमी आहे,” ती म्हणाली. मग मिनाकडे वळली. “दगडावर विल्यमचं नाव कधी घालणार? टॉमच्या मेहुण्याकडे टाक कोरायला. आपल्या आजोबांच्या दगडावर, विल्यमचं नाव येईल त्याच्या वर, मोकळी जागा आहे, मी बघून आले. माझ्या बापाचं नाव लहान आहे. मावेल.”